गोळीला दुखरी जागा कळत नाही

प्रश्न असा आहे: डोकं दुखलं, दात ठणकला, पाळीत पोट दुखलं किंवा ताप आला, की ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा एकाच घराण्यातल्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या शरीरातल्या कुठल्याशा एन्झाइमला अडवतात म्हणे. मग नेमकं कुठे दुखतंय हे गोळीला कसं कळतं? ताप आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टींवर एकच औषध कसं चालतं? आणि पॅरासिटामॉल यांतलंच असेल, तर त्याने सूज का उतरत नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गोळीला काहीही कळत नाही. ती आतड्यातून रक्तात उतरते आणि रक्त जिथे जिथे जातं तिथे तिथे पोचते: दुखऱ्या गुडघ्यात, न दुखणाऱ्या गुडघ्यात, जठराच्या अस्तरात, मूत्रपिंडात, मेंदूत. सगळीकडे ती तेच एक काम करते. त्या कामाचा एका जागी उपयोग होतो, दुसऱ्या जागी काही फरक पडत नाही आणि तिसऱ्या जागी नुकसान होतं. पंचवीस वर्षं रुग्ण तपासताना आणि औषधशास्त्र शिकवताना मला पुन्हा पुन्हा सांगावी लागलेली गोष्ट हीच, की या औषधांचा गुण आणि त्यांचा दुष्परिणाम ही एकच क्रिया आहे, फक्त जागा वेगळी.

आधी ते एन्झाइम बघू. त्याचं नाव सायक्लोऑक्सिजनेज, रोजच्या बोलण्यात कॉक्स. पाठ्यपुस्तकं एन्झाइमला विकर म्हणतात; म्हणजे एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारं प्रथिन. आपल्या पेशींच्या पटलात अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल गुंफलेलं असतं. वीस कार्बन अणूंची साखळी, तिच्यात चार दुहेरी बंध, त्यामुळे ती चांगलीच लवचीक आणि वाकडी. पेशीला इजा झाली किंवा जंतूंची चाहूल लागली, की फॉस्फोलायपेज नावाचं दुसरं एन्झाइम ही साखळी पटलातून सोडवतं आणि ती कॉक्सच्या ताब्यात जाते.

कॉक्स पेशीच्या आतल्या पडद्यात अर्धवट रुतून बसलेलं असतं. पडद्याच्या बाजूने त्यात एक अरुंद, लांबट बोगदा शिरतो. मोकळी झालेली साखळी या बोगद्यात शिरते आणि वळसा घेऊन बसते. तिथे ३८५ क्रमांकाचं टायरोसिन हे अमिनो आम्ल साखळीतला एक हायड्रोजन अणू ओढून काढतं. मग ऑक्सिजनचे दोन रेणू तिला जोडले जातात. पुढचा टप्पा त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या भागात होतो, त्याला पेरॉक्सिडेज म्हणतात. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पॅरासिटामॉलच्या वेळी तो लागणार आहे. या सगळ्यातून प्रोस्टाग्लँडिन एच-२ तयार होतं.

हा झाला कच्चा माल. त्याचं पुढे काय करायचं ते ज्या त्या ऊतीवर अवलंबून. प्लेटलेट्स त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन बनवतात, ज्याने रक्त गोठायला मदत होते. रक्तवाहिन्यांचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं, ते नेमकं उलट काम करतं. गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा बनवतं आणि त्याने स्नायू आवळतात, पाळीतल्या कळा त्याच्याच. सुजलेल्या जागी आणि मेंदूत प्रामुख्याने प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनतं. हे सगळे पदार्थ जिथे बनतात तिथेच, आसपासच्या पेशींवर काम करतात आणि थोड्याच वेळात मोडून जातात. म्हणून एकाच एन्झाइमचं शरीरभर काम चालू असूनही प्रत्येक ठिकाणचा परिणाम निराळा दिसतो.

ही औषधं मात्र या ज्ञानाच्या कितीतरी आधीची. विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो, असं एडवर्ड स्टोन या पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला १७६३ मध्ये कळवलं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केलं आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन म्हणून विकलं जाऊ लागलं. लोकांनी ती गोळी पाऊणशे वर्षं घेतली तेव्हा ती शरीरात काय करते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतं. १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्यासह मिळालं. मला या कामाचं आजही अप्रूप वाटतं, कारण ताप, वेदना, सूज, पोटातले व्रण आणि रक्तस्राव या पाच वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी त्या एका निष्कर्षाने एका ओळीत आल्या.

आता वेदना. बऱ्याच जणांचा समज असतो की गोळी नस बधिर करते. तसं असतं तर गोळी घेतल्यावर टाचणी टोचलेलीही कळली नसती. प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्वतः फारसं दुखवत नाही. ते वेदनेच्या मज्जातंतूंचा उंबरठा खाली आणतं. तंतूच्या टोकावरचे सोडियमचे दरवाजे आणि उष्णता ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संकेत टिपणारी प्रथिनं) त्याच्यामुळे हळवे होतात, आणि एरवी जे जाणवलंही नसतं ते दुखायला लागतं. उन्हाने भाजलेल्या खांद्यावर नुसतं कापड टेकलं तरी जीव कळवळतो, ते यामुळे. सुजलेल्या हिरडीत स्वतःच्या नाडीचा ठोका ठणक्यासारखा जाणवतो, तोही यामुळे. कॉक्स अडवलं की नवीन प्रोस्टाग्लँडिन बनत नाही, आधीचं विरून जातं आणि उंबरठा पुन्हा वर जातो. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण गोळी दुखणं पुसत नाही, ते वाढवणारा पुरवठा तोडते.

यातून दोन व्यवहारातल्या गोष्टी निघतात. पाळीच्या कळांसाठी गोळी घ्यायची असेल तर रक्तस्राव सुरू होताच किंवा कळांची पहिली चाहूल लागताच घ्यावी. कळा असह्य होईपर्यंत थांबलं तर तोवर बनलेलं प्रोस्टाग्लँडिन आपलं काम करून बसलेलं असतं. दुसरी गोष्ट, जिथे वेदनेचं मूळ प्रोस्टाग्लँडिनमध्ये नाही तिथे या गोळ्या जवळपास निरुपयोगी. मधुमेहात तळपायाची आग होते किंवा नागीण बरी झाल्यावरही त्या जागी जळजळ मागे राहते, तेव्हा बिघाड मज्जातंतूतच असतो. अशा रुग्णांच्या पिशवीत मला तीन-तीन प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या सापडल्या आहेत. आराम कशानेच नाही आणि पोटाची मात्र नासाडी. त्यांना वेगळ्याच गटातली औषधं लागतात.

ताप समजून घ्यायचा तर ताप चढत असलेल्या मुलाचे हातपाय हातात घेऊन बघा. थर्मामीटर ३९ अंश सेल्सिअस दाखवतोय, कपाळ भाजतंय, पण तळहात आणि तळपाय गार. मूल कुडकुडतंय, पांघरूण ओढून घेतंय. इतकं तापलेलं शरीर थंडी का वाजवून घेतं? कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाने नेहमीच्या ३७ ऐवजी ३९ हा आकडा धरलेला असतो, आणि शरीर त्या आकड्याच्या खाली आहे असं त्याला वाटतं. म्हणून तो कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतो, स्नायू थरथरवतो, उष्णता साठवतो. हा आकडा वर सरकवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन ई-२ करतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी रसायनं सोडतात, ती रक्तातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात, तिथल्या अस्तरात कॉक्स कामाला लागतं आणि तयार झालेलं ई-२ हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशींना जाऊन चिकटतं.

गोळीने ई-२ कमी झालं की आकडा पुन्हा ३७ वर येतो. आता शरीराला आपण फार तापलोय असं वाटतं, कातडीकडे रक्त वळतं आणि दरदरून घाम फुटतो. म्हणून घाम सुटला की ताप उतरला, असं आपण म्हणतो आणि ते शास्त्राला धरून आहे. ताप नसताना गोळी घेतली तर तापमान ३७ च्या खाली जात नाही, कारण उतरवायला वर गेलेला आकडाच नसतो. उष्माघातात ही औषधं चालत नाहीत, तेही याचमुळे. तिथे आकडा ३७ वरच असतो, बाहेरच्या उष्णतेने शरीर हरलेलं असतं. अशा माणसाला गोळी देत बसण्यात जाणारी मिनिटं जिवावर बेततात. त्याला पाणी, वारा, बर्फ, मिळेल त्या मार्गाने थंड करावं लागतं.

पालकांसाठी एक जोड: गोळीने तापामागचं कारण बरं होत नाही आणि लहान मुलांना तापात येणारे झटकेही तिने टळत नाहीत. मूल अस्वस्थ असेल, पाणी पीत नसेल, झोपत नसेल तर त्याला बरं वाटावं म्हणून औषध द्या. खेळत असेल तर केवळ थर्मामीटरवरचा आकडा बघून देऊ नका, आणि झोपलेल्याला त्यासाठी उठवू नका. आणि मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीच नाही. फ्लू किंवा कांजिण्यांत दिल्यास रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार उद्भवू शकतो.

ॲस्पिरिनची पद्धत या घराण्यात सगळ्यांत निराळी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही औषधं कॉक्सच्या बोगद्यात जाऊन बसतात, काही तास वाट अडवतात आणि निघून जातात. ॲस्पिरिन बोगद्यात शिरतं आणि आपला ॲसिटिल गट तिथल्या सेरिन या अमिनो आम्लाला कायमचा चिकटवून जातं. साखळीला आत शिरायला जागाच उरत नाही. इतर पेशी नवीन कॉक्स बनवून यातून सावरतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही. एकदा ॲस्पिरिन लागलं की ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला रोज ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी पुरते ती यामुळे.

इथे एक अडचण अनेकांना माहीत नसते. आयबुप्रोफेन आधी घेतलं तर बोगद्यात ते बसलेलं असतं, मागून आलेलं ॲस्पिरिन सेरिनपर्यंत पोचत नाही आणि तासाभरात रक्तातून संपून जातं. नंतर आयबुप्रोफेनही निघून जातं आणि प्लेटलेट मोकळी. हृदयासाठी घेतलेली गोळी वाया गेली. हृदयासाठी साधं, आवरण नसलेलं ॲस्पिरिन चालू असलेल्याला कधी आयबुप्रोफेन लागलंच, तर ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने घ्यावं, किंवा मग ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी.

आता पोट. कॉक्सचे दोन भाऊ आहेत. कॉक्स-१ बहुतेक पेशींत कायम हजर असतं; जठराचा चिकट थर, आम्ल मारणारं बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा हे सगळं त्याच्या प्रोस्टाग्लँडिनवर चालतं. कॉक्स-२ मुख्यतः दाह सुरू झाला की तयार होतं. सुरुवातीच्या काळात मीही समजत असे की गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असलं की जठर सुरक्षित. तसं नसतं. इंजेक्शनने दिलेलं औषधही जठरात व्रण करतं, कारण ते रक्तातून अस्तरापर्यंत पोचून तिथलं कॉक्स-१ बंद करतं. ज्यांना आधी व्रण झाला आहे, जे वयस्कर आहेत, जे स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांना आम्ल कमी करणारी गोळी सोबत द्यावी लागते. काळी, डांबरासारखी शौचाला झाली तर तो रक्तस्राव समजून तातडीने दाखवावं.

फक्त कॉक्स-२ अडवलं तर पोट वाचेल, या विचाराने १९९० च्या दशकात नवी औषधं आली. दोन्ही भावांच्या बोगद्यातला फरक अगदी बारीक: ५२३ व्या जागी कॉक्स-१ मध्ये आयसोल्यूसिन आहे आणि कॉक्स-२ मध्ये किंचित लहान व्हॅलिन. तेवढ्याने कॉक्स-२ मध्ये बाजूला एक लहानसा कप्पा उघडतो आणि सेलेकॉक्सिबसारखं औषध त्यात नेमकं बसतं. पोटाचा त्रास खरोखरच कमी झाला. पण रक्तवाहिन्यांचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवायला कॉक्स-२ वापरतं आणि प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन बनवायला कॉक्स-१. एकच बाजू बंद केली की तोल गोठण्याकडे झुकतो. १९९९ मध्ये आलेलं रोफेकॉक्सिब हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं हे चाचणीत स्पष्ट झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. जुनं, ओळखीचं डायक्लोफिनॅकही कॉक्स-२ कडे बरंच झुकलेलं आहे, म्हणून हृदयरोग असलेल्याला ते मी टाळते.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते मूत्रपिंडाबद्दल. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. रक्तदाबासाठी दोन गोळ्या, एक टेल्मिसार्टन आणि एक लघवी वाढवणारी. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक, जुन्या चिठ्ठीवर वर्षभर चालू ठेवलेलं. वर्षभर काही झालं नाही. मग दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, १.१ चं ४.८ झालं होतं.

शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब टिकवायला दोन उपाय असतात. गाळणीत रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने रुंद ठेवायची आणि बाहेर नेणारी नळी अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या मदतीने आवळायची. डायक्लोफिनॅकने पहिला उपाय काढून घेतला, अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनने दुसरा, आणि पाणी आधीच कमी होतं त्यात लघवीच्या गोळीची भर. एरवी धडधाकट असताना मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही, म्हणून वर्षभर सगळं सुरळीत दिसलं. तिन्ही गोळ्या थांबवून सलाईन दिलं, आठवड्याने आकडा १.४ वर आला. त्यांच्या मुलीने विचारलं, गोळी तर नेहमीचीच होती, मग आताच काय झालं? गोळी नेहमीचीच होती, पण त्या दोन दिवसांत त्यांचं मूत्रपिंड ज्या प्रोस्टाग्लँडिनवर तग धरून होतं ते गोळीने बनूच दिलं नाही. जुलाब, उलट्या, कडक उपास, खूप घाम अशा दिवसांत या गोळ्या बंद ठेवाव्यात. रक्तदाबाच्या औषधांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

हाच न्याय इतरत्र. गर्भाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, म्हणून गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत या गोळ्या नकोत आणि २० आठवड्यांनंतरही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत. काही दमेकऱ्यांत कॉक्सची वाट बंद झाली की ल्यूकोट्राइन ही श्वासनलिका आवळणारी रसायनं जास्त बनतात आणि ॲस्पिरिनने दम्याचा जोराचा झटका येतो. डेंग्यूची शंका असताना प्लेटलेट्स आधीच कमी असू शकतात, तिथे ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन रक्तस्रावाला आमंत्रण. त्या तापात पॅरासिटामॉलच.

आणि कॉक्सच्या बोगद्यात बसणाऱ्या दोन वेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेऊ नका. आयबुप्रोफेनवर डायक्लोफिनॅक घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, एन्झाइम तेच आहे. पोट आणि मूत्रपिंडाचा धोका मात्र वाढतो.

राहिलं पॅरासिटामॉल. ते बोगद्यात अडून बसत नाही. कॉक्सच्या त्या दुसऱ्या, पेरॉक्सिडेज भागात जाऊन ते एन्झाइमला क्रियाशील अवस्थेतून खाली खेचतं. पण आजूबाजूला पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजनयुक्त, चटकन क्रिया करणारी रसायनं, जास्त असली की ती एन्झाइमला पुन्हा पुन्हा चेतवतात आणि पॅरासिटामॉल कमी पडतं. सुजलेल्या सांध्यात पांढऱ्या पेशी ढिगाने पेरॉक्साइडं सोडत असतात, म्हणून तिथे सूज उतरत नाही. मेंदूत ती कमी असतात, म्हणून ताप उतरतो आणि डोकेदुखी थांबते. वेदनेवरच्या परिणामात याशिवाय मेंदूत त्यापासून बनणाऱ्या एएम-४०४ या पदार्थाचाही वाटा असावा असं मानलं जातं. जठर आणि प्लेटलेट्सना ते नेहमीच्या मात्रेत फारसा धक्का लावत नाही. आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल देण्यात अर्थ आहे तो यामुळे, दोघांची वाट वेगळी आहे.

त्याचा धोका यकृतात आहे. पॅरासिटामॉलचा थोडासा हिस्सा यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन ते विष निकामी करतं. मात्रा फार झाली, किंवा उपासमार आणि दीर्घकाळच्या दारूने ग्लुटाथायोन आधीच आटलेलं असलं, की विष यकृताच्या पेशींवर उलटतं. धडधाकट प्रौढाची चोवीस तासांची मर्यादा ४ ग्रॅम आहे, वजन कमी किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहून कमी. गफलत होते ती बहुधा मोजण्यात. सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या मिश्र गोळीत असतं, आणि वर तापाची गोळी वेगळी घेतली जाते. पाकिटाच्या मागे घटकांची नावं वाचा आणि मिलिग्रॅमची बेरीज करा. जास्त गोळ्या गेल्यावर पहिला दिवस माणूस बराच ठीक दिसतो, नुसती मळमळ असते किंवा तीही नसते, आणि यकृत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडल्याचं दिसतं. म्हणून संशय आला तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता त्याच तासाला रुग्णालय गाठावं. पहिल्या आठ तासांत ॲसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथायोन भरून काढणारं औषध मिळालं, तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं.